कंडक्टरची अडलेली वाट

डेपोत त्याला सगळे तोफ म्हणत. लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होता. पुढच्या दारात उभं राहून त्याने "सरका मागे" म्हटलं की शेवटच्या सीटवर डुलक्या घेणारा माणूस दचकून उठायचा. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या बापावरून, त्याच्या तोंडाचा पट्टा कधीही सुरू व्हायचा. असा हा माणूस एका गोष्टीबद्दल मात्र वर्षानुवर्षं मूग गिळून बसला होता. ती म्हणजे स्वतःची लघवी.

झालं होतं असं. बसच्या टपावर कुणाचं तरी कपाट बांधताना त्याचा पाय ताडपत्रीवरून सटकला आणि तो टपाच्या लोखंडी कठड्यावर आदळला. एक पाय आत, एक बाहेर, सगळा भार मधल्या नाजूक जागेवर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं, मग थांबलं.

"वाचलास," ड्रायव्हर हसत म्हणाला. "नाहीतरी पोरं झालीच आहेत तुझी."

दोघं हसले आणि विषय संपला.

शरीराने तो संपवला नव्हता. काही वर्षांनी धार बारीक झाली, मग तिला फाटे फुटले, पँटवर शिंतोडे उडायला लागले. थांब्यावर बस लागली की तो मुतारीच्या अगदी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत उभा राहायचा. शेजारची माणसं येऊन जायची, हा तिथेच. बाहेर ड्रायव्हर हॉर्न ठोकायचा, प्रवासी ओरडायचे, "कंडक्टर कुठे गायब झाला?" शेवटी त्याने ड्यूटीवर पाणी पिणंच सोडलं. भर उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तरी बाटलीला हात लावायचा नाही. पण मुतारीतला वेळ काही कमी झाला नाही. बस उशिरा सोडतो म्हणून वरिष्ठांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हाही तोफ गप्प. सांगणार काय? आणि कोणत्या तोंडाने?

एका दुपारी मात्र थेंबही येईना. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कपाळावर घाम सुटला. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली आणि त्याला जवळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेने आत एक बारीक सळई सरकवली, वाट मोकळी केली. त्या क्षणी तोफेला डॉक्टर देवासारखा वाटला.

"पुन्हा अडलं की परत या," डॉक्टर म्हणाले.

तो गेला. पुन्हा गेला. मग ती सवयच झाली. धार मोकळी व्हायची आणि हळूहळू परत आटायची. आधी दोन फेऱ्यांमध्ये वर्षभर तरी दम निघायचा, पुढे पुढे महिन्यांवर आलं. एकदा टेबलावर पडल्या पडल्या त्याने विचारलंसुद्धा, "डॉक्टर, हे कायमचं बरं नाही का होत?"

"वयाप्रमाणे चालायचंच हो," डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले.

त्याचं वय तेव्हा पंचेचाळीसही नव्हतं.

मग एकदा सळईनंतर त्याला हुडहुडी भरून ताप आला. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. नवऱ्याचं अंग तव्यासारखं तापलेलं बघून तिचं डोकं फिरलं.

"अहो, मोरी तुंबली तर आपण नुसती काठी घालत बसतो का? का तुंबली ते बघतो ना? उठा, मोठ्या हॉस्पिटलात चला."

मोठ्या हॉस्पिटलात समोर आली ती लघवीच्या विकारांची डॉक्टरीणबाई. तोफ पार लाजून गेला. पण ती सरळ विचारत गेली आणि हा सरळ सांगत गेला. कठड्यावरच्या पडण्याशी ती थांबली.

"आणि आधीच्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेत औषध भरून एक्स-रे काढला होता ना? तो दाखवा."

"कसला एक्स-रे?"

तिच्या कपाळाला आठी पडली. तिने तो एक्स-रे काढवून घेतला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मूत्रमार्ग पांढरा, रुंद, आणि मध्येच दोऱ्यासारखा बारीक.

"मार लागला तिथे आत व्रण झाला. भरताना तो आकसला आणि नळी अरुंद झाली. सळईने तो ताणला की तिथे पुन्हा फाटतं, पुन्हा व्रण होतो. काहींना एखाद्या वेळी भागतं त्याने. पण सारखं परत होत असेल तर ऑपरेशनच करायचं असतं. सुरुवातीला आला असतात, तर बहुधा तेवढा तुकडा कापून टोकं जोडता आली असती. आता तो अरुंद पट्टा लांबलाय. गालाच्या आतलं अस्तर काढून ठिगळ लावावं लागेल."

"म्हणजे याला इलाज होता? पहिल्यापासून?"

"होता."

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. बायको मागे धावत होती, तरी तो थेट त्या जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरला. बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती. तोफ डागली गेली.

"याला ऑपरेशन होतं हे मला का नाही सांगितलं?"

"हळू बोला. पेशंट बसलेत. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारलं होतं! तुमच्याच टेबलावर, पाय फाकवून पडलो होतो तेव्हा विचारलं होतं! तुम्हाला जमत नव्हतं तर तसं सांगायचं, दुसऱ्याकडे धाडायचं. माझी वाट तुम्हीच आणखी अडवलीत, साहेब. तहान मारून मी गाडीत उभा राहिलो, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही म्हणता वय!"

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. माफीचा शब्दही नाही. बाकावरचा एक म्हातारा मात्र उठून त्याच्यामागे आला आणि हळूच म्हणाला, "त्या बाईंचं हॉस्पिटल कुठंय?"

ऑपरेशन झालं. तीन आठवडे लघवीला नळी लावलेली, गाल आतून सुजलेला, खाणं सगळं पातळ आणि गार. तोफेला बोलता येईना, आणि बायको म्हणाली की घरात अशी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच नांदतेय. नळी काढल्यावर तो मोरीत गेला. भरघोस धार पडली आणि हा धडधाकट माणूस आत उभ्या उभ्या रडला. आनंदाने रडला म्हणावं तर मुठी आवळलेल्या होत्या.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तम आहे. पण हे पुन्हा होऊ शकतं. धार बारीक वाटली तर लाजू नका, लगेच या."

"बघ," घरी येताना तो बायकोला म्हणाला, "दोन वाक्यांत सांगितलं बाईंनी. त्या डॉक्टरला काय झालं होतं सांगायला?"

"झालं ना आता बरं? सोडा तो राग."

"का सोडू?" तो रस्त्यातच उभा राहिला. येणारे जाणारे वळून बघायला लागले, इतका त्याचा आवाज चढला. "त्याच्या बाकांवर अजून माणसं बसलीत."

बायकोने त्याचा दंड धरला, पण या वेळी राग सोडा म्हणाली नाही.