शांताक्काचं पान

रामनगरच्या वाचनालयात कपाटं सांभाळणाऱ्या शांताक्काला माणसांचा वीट यायला फारसं निमित्त लागत नसे. थुंकी लावून पानं उलटणारे, पुस्तकात तंबाखूचे कण सांडणारे, शेवट आधी वाचून गावभर सांगत सुटणारे, सगळे तिच्या लेखी एकाच माळेचे मणी. पण यंदाच्या वर्धापनदिनाला जे झालं, त्यानं तिला शिसारीच आली.

कपाटात एक जुनी कादंबरी होती. तिच्यातल्या एका पानावर एक आई मेलेलं लेकरू पदरात गुंडाळून नदी उतरते आणि घरी पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहते. जंगलातल्या गावांतून, जिच्या घरातलं मूल गेलंय अशी एखादी बाई यायची. तिला वाचता येत नसायचं. "अक्का, ते पान वाच की," म्हणायची. शांताक्का वाचायची, बाई रडायची. घरी सासरच्या माणसांपुढं अडलेलं रडू इथं मोकळं व्हायचं, मग चहा घेऊन ती परत जायची. इतक्यांदा ते वाचून झालं होतं, की पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथंच उघडायचं.

तसंच ते अध्यक्ष महाबळेश्वर अण्णांच्या हातात उघडलं. अण्णांनी वर्धापनदिनासाठी 'साहित्यात लपलेली गाणी' अशी स्पर्धा काढली होती. एका शब्दाची शेपटी, म्हणजे शेवटची अक्षरं, पुढच्या शब्दाच्या तोंडाला जोडायची, की गाण्याचं नाव सापडायचं. त्या पानात अण्णांना यंदा हळदीच्या प्रत्येक मांडवात वाजलेलं गाणं सापडलं. त्यांनी हरखून पुस्तकातच लाल पेनानं गोल मारले.

"अण्णा, वाचलं काय हे पान?" शांताक्कानं विचारलं.

"वाचायचं कशाला? शोधायचं हाय ते!"

स्पर्धेला ही गर्दी. एरवी वर्तमानपत्रावर डबे ठेवून जेवणारे लोक त्या पानाची झेरॉक्स नाकाला लावून बसले होते. सूरज नावाच्या पोरगेल्या कारकुनाला गाणं आधी सापडलं. तो ओरडला, टाळ्या पडल्या, कुणीतरी स्पीकरवर तेच गाणं लावलं आणि अण्णांसकट सगळे नाचले. ज्या ओळीत लेकराचा हात पदरातून निसटून खाली लोंबतो, नेमकी त्याच ओळीतली अक्षरं होती ती.

बक्षीस घेऊन निघालेल्या सूरजला तिनं अडवलं. "त्या पानात कोण मेलंय, सांग बघू."

"मेलंय?" तो हसला. "काय मावशी, चांगल्या दिवशी कसलं बोलताय!"

पाठ फिरल्यावर ती पचकन थुंकली. वाचनालयाच्या पायरीवर थुंकायला तिनंच बंदी घातली होती.

पंधरवडा गेला आणि जंगलातल्या दिग्गी गावाहून पुतळी आली. तिची लेक रक्षा तापानं गेली होती. पुतळीच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं आणि घरचे तिला दगड म्हणत होते.

"अक्का, छातीत नुसतं दाटून बसलंय. ते पान वाच."

लाल गोल नकोत म्हणून शांताक्कानं पुस्तक उघडलंच नाही. पान तिला तोंडपाठ होतं. डोळे मिटून तिनं सुरुवात केली. आई नदीत उतरली, पाणी कमरेला लागलं, पुतळीचा श्वास जड झाला. शांताक्का हाताच्या ओळीशी आली आणि तिच्या डोक्यात तो स्पीकर सुरू झाला. आवाज आपसूक ठेक्यात उसळला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. त्याच ओळीवर पुन्हा तेच. स्वतःच्याच जिभेची तिला किळस आली.

पुतळी तिच्याकडे बघत राहिली.

"गातीस व्हय गं, अक्का?"

"न्हाई गं बाई, न्हाई."

पुतळीनं पदर सावरला. शांताक्कानं चहाचं आधण ठेवलं होतं, तरी ती थांबली नाही. बस चुकंल म्हणाली आणि आली तशीच, कोरड्या डोळ्यांनी निघून गेली.