पासष्ट किलोची रुक्मा

सालेकशात माझं औषधांचं दुकान आहे. तिथून दोन घरं सोडली की रूपलाल टेंभरेचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, वेल्डिंगचं मशीन आणि रूपलाल. धानाची पोती लादलेली ट्रॉली समोरून गेली की हा माणूस शेडमधूनच वजन सांगतो, आणि राइस मिलच्या धर्मकाट्यावर दहा-वीस किलोचाच फरक निघतो. काट्यावरचा छोटेलाल म्हणतो, वीज गेली तर आपण रूपलालला उभं करू. ह्या कौतुकानंच तो बिघडला, असं माझं मत आहे.

ह्या रूपलालनं एक मोटार बनवायला घेतली, त्याचं कारण रुक्मा, त्याची बायको. ट्रॅक्टरला सीट एकच. लग्नानंतरची सव्वीस वर्षं हा पुढं चालवतो आणि ती मागं ट्रॉलीत. एकदा देवरीकडच्या माहेराहून परतल्यावर ती म्हणाली, मी तुमची पाठच तेवढी पाहिली. हसतच म्हणाली, पण रूपलालला ते लागलं. शहाणा माणूस अशा वेळी बायकोला एसटीनं माहेरी नेतो, शेजारच्या सीटवर बसतो आणि विषय संपवतो. रूपलालनं फोनवर साठ वर्षांपूर्वीच्या एका विलायती उघड्या मोटारीचा फोटो शोधला आणि तिची नक्कल करायला घेतली. त्या मोटारीला दोनच सीटा होत्या, आणि तेवढंच त्याला पटलं होतं. तिच्याच शेजारी बसून देवरीला जायचं, असा त्यानं पण केला.

मोडीत निघालेल्या व्हॅनचं इंजिन, ट्रॉलीच्या पत्र्याचं अंग, लाल रंग. दोन वर्षं तो त्या गाडीखाली आडवा होता. बाहेर दिसायचे ते दोन पाय. रुक्मा जेवणाचा डबा त्या पायांजवळ ठेवून जायची.

गाडी उभी राहिली, पण चालेना धड. जन्मभर ओझ्याच्या गाड्या बनवलेल्या माणसानं हिलाही मालवाहू पिकअपच्या स्प्रिंगा लावल्या होत्या. वीस पोती वाहायच्या स्प्रिंगांवर दोन माणसांची हलकी गाडी. बसस्टँडपर्यंतच्या रस्त्यावर ती टुणटुणत गेली, मी शेजारी होतो आणि माझा एक दात अजून दुखतो. रूपलालचं म्हणणं, मजबूत आहे. मी म्हटलं, रुक्मावहिनीची कंबर देवरीच्या आधीच उतरेल. तेव्हा कुठं तो हबकला.

मग पुण्याच्या एका स्प्रिंगवाल्याला फोन झाला. तो शांत माणूस. त्यानं समजावलं, स्प्रिंग झोका देते आणि शॉकअप तो झोका आवरतो, दोघांची जोडी जमली पाहिजे. नाहीतर गाडी एकतर आपटते नाहीतर नाचत राहते. आधी गाडीत दोघंही बसा आणि चारही चाकांवरचं वजन कळवा. स्प्रिंगा अशा देईन की तुम्ही बसलात की टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जातील. दोन्ही बाजूंना सारखी.

धर्मकाट्यावर मिलच्या हमालांसमोर स्वतःला तोलून घ्यायला रुक्मा तयार होईना. रूपलाल म्हणाला, नको येऊस. त्यानं डाव्या सीटवर तिच्या जागी धानाचं पोतं ठेवलं, पासष्ट किलोचं, काट्यावर तोलून भरलेलं. उजवीकडे स्वतः बसला. छोटेलालनं विचारलं, बाई बरोबर पासष्टच आहे का? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा चेहरा करून रूपलाल म्हणाला, "आपल्या घरचं वजन मले नाही समजन का? लिही पासष्ट."

मी तिथंच होतो. आठच दिवसांपूर्वी माझ्या दुकानातल्या वजनकाट्यावर रुक्मा उभी राहिली होती आणि काटा शेहेचाळिसावर थांबला होता. वर्षभर तिच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या माझ्याकडूनच जात होत्या. घरी सांगितलं का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, दोनदा सांगितलं, पाय हलले, आवाज नाही आला. आता तुम्ही सांगू नका. म्हणून मी धर्मकाट्यावर गप्प राहिलो. खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली होती. त्या गमतीची आता लाज वाटते.

स्प्रिंगा आल्या, शॉकअप आले. शॉकअपला नरम-कडक करायची चकती होती, ती त्यानं रुक्माच्या कंबरेसाठी नरमाकडे फिरवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मा नवं लुगडं नेसून गाडीत बसली. रूपलाल तिच्या शेजारी बसला. आम्हा दोघा-तिघांचं काम बोटं घालून पाहायचं. उजवीकडे दोन. डावीकडे तीन.

रूपलाल उतरला, आपल्याच वजनाचा दगड आम्हा दोघा-तिघांकडून आपल्या सीटवर ठेवून घेतला आणि स्वतः डावीकडे वाकला. तीनच. पुण्याच्या माणसाला शिव्या देत त्यानं खिशातून फोन काढला.

रुक्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "इस्प्रिंगचा दोष नाही जी. मीच कमी झाली."

"कवापासून?"

"तुमी गाडीखाली गेले तवापासून."

रूपलालनं फोन खिशात ठेवला आणि पहिल्यांदा, म्हणजे माझ्यादेखत तरी पहिल्यांदा, बायकोकडे ट्रॉलीकडे पाहतात तसं नीट पाहिलं. मग गाडी सुरू केली. सव्वीस वर्षांनी दोघं शेजारी बसून निघाले आणि देवरीचा रस्ता सोडून दोन घरांवर, माझ्या दुकानापुढं थांबले. त्यानं तिला काट्यावर उभं केलं. ह्या माणसानं आकडा वाचायला गुडघे टेकले.

त्याच दिवशी तो तिला गोंदियाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, रेल्वेनं.

पुण्याचा माणूस स्प्रिंगा बदलून द्यायला तयार आहे. रूपलाल नाही म्हणतो. त्याच्या मते स्प्रिंगा बरोबर आहेत, फरक आहे तो आपल्या बाजूनं भरून काढायचा. औषध बदललंय, डबा आता दोघांचा असतो आणि गाडीखाली जायला रुक्माची परवानगी लागते. दर सोमवारी दोन घरांचं अंतर ती दोघं मोटारीनं येतात. गेल्या सोमवारी काटा एकोणपन्नास होता. पण रूपलालला काट्याचं पटत नाही. तो रुक्माला पुन्हा सीटवर बसवतो आणि डाव्या चाकापाशी वाकून बोटं घालतो. तीन जातात अजून, पण तिसरं आता घासून जातं.