ताईची खुर्ची

माझे भावोजी म्हणजे खुर्च्यांचे शिंपी, असं माझी ताई सगळ्यांना सांगायची. सोफा फाटला, गाडीची सीट उसवली, दवाखान्यातल्या बाकाचं रेक्झिन तडकलं की माणसं त्यांच्या दुकानाची पायरी चढतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, मध्ये पाय वर करून पडलेल्या खुर्च्या आणि सगळीकडे स्पंजचा भुगा. काम करताना भावोजींच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे त्यांना फारसं बोलावं लागत नाही. ‘जावईबापू लग्नातसुद्धा टाचण्या तोंडात धरूनच बसले होते की काय,’ असं आमचे बाबा म्हणायचे.

फुटबॉलचं वेड ताईचं. गावच्या क्लबचा सामना घरच्या मैदानावर असला की ती स्वयंपाक सकाळीच उरकून टाकायची. भावोजी तिच्या मागून पिशवी घेऊन जायचे. गोलच्या मागच्या गॅलरीत दर हंगामाचे पैसे भरून राखलेल्या दोघांच्या दोन खुर्च्या, तिची कोपऱ्यातली आणि त्यांची तिच्या शेजारची. ती रेफ्रीला असं काही ऐकवायची की पुढच्या रांगेतले पुरुष मान वळवून बघत. एरवी कुणाला अरे म्हणायची नाही. मी एकदा म्हटलं, “अगं, निदान देवाला तरी भी.” तर म्हणाली, “देवाने ऑफसाइड पाहिला असता तर तोही ओरडला असता.” भावोजींना खेळातलं फार कळत नव्हतं. ते तिच्याकडे बघत बसायचे.

ताई गेली ती दीर्घ आजाराने. शेवटचे महिने घरातच काढले तिने. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला भावोजी तिची जागा परत करायला क्लबच्या ऑफिसात गेले, तेव्हा समोर खुद्द मालक होते.

मालक म्हणजे क्लबचे मालक. बापाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केलेला माणूस. बुडायला आलेला क्लब त्यांनी विकत घेतला, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. पण त्यांनी तो उभा केला. गावात त्यांना सगळे नुसतं मालक म्हणायचे, आणि त्या शब्दात धाक कमी, माया जास्त होती. मैदानावर मोठ्या लोकांसाठी काचेची खोली होती, पण तिच्यात ते टिकायचे नाहीत. “आत बसलं की टीव्ही बघितल्यासारखं वाटतं,” म्हणायचे. कागदाचा त्यांना कंटाळा. जे असेल ते तोंडी, आणि तोंडी दिलेला शब्द कधी मोडायचा नाही.

ते भावोजींना म्हणाले, “वहिनींची जागा राहू दे. ती कुणाला द्यायची नाही, मी सांगतो ऑफिसात. आणि तुमची हरकत नसेल तर मी अधूनमधून येऊन बसेन तिथे.”

तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्याला मालक त्या कोपऱ्यात यायचे. बसण्याआधी रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणायचे, “वहिनी, बसू का जरा?” आणि आपल्या संघाला पहिला कॉर्नर मिळाला की उठून पुढच्या गॅलरीकडे निघायचे. ते उठले की लोक टाळ्या वाजवायचे. ‘वहिनी, बसू का’ हे मात्र भावोजींखेरीज कुणाच्या कानावर पडायचं नाही.

मालक उठून गेले की भावोजींचा खरा सामना सुरू व्हायचा. ते ताईशी बोलायचे. अगदी हळू, ओठ जेमतेम हलवत. टाचण्यांनी ती सवय लावलीच होती. बदली खेळाडू कोण आला, बचाव कसा ढिला पडलाय, मुलीचा फोन आला होता, नळाचा वायसर बदलला. मी त्यांना विचारलं होतं, “भावोजी, घरी फोटो आहे ना तिचा, घरी का नाही बोलत?”

“घरी ती आजारी आहे, धाकटे,” ते म्हणाले. “घरात कुठेही बघितलं की मला तिचं ते खंगलेलं तोंड दिसतं. तिथे ती धडधाकट असते. ओरडत असते.”

मालक गेले ते सकाळी, दाढी करताना. कुठला आजार नाही, काही नाही. आदल्या दिवशी ते त्याच खुर्चीवर बसून गेले होते आणि कॉर्नर लवकर मिळाला म्हणून कुरकुरले होते.

बातमी पसरली तशी बाजारातली शटरं एकेक खाली आली. कुणी सांगायला लागलं नाही. मी भाजी घेत होते, भाजीवाल्याने तराजू हातात धरला तो धरलाच. मैदानाच्या फाटकापाशी फुलं, गळपट्टे, झेंडे यांचा ढीग झाला. गॅरेजमधली आडदांड माणसं फाटकाच्या गजांना कपाळ टेकवून रडत होती. एक म्हातारी आपल्या गेलेल्या नवऱ्याचा क्लबचा जुना शर्ट घेऊन आली आणि घडी घालून ढिगावर ठेवून गेली. भावोजीही गेले होते. त्यांच्याकडे वाहायला काही नव्हतं. परत आले आणि दुकानात एका उलट्या खुर्चीसमोर नुसते बसून राहिले. मी घरी देवाजवळ दिवा लावला आणि मालकांसाठी दोन शब्द बोलले. त्या दिवशी गावात बहुतेकांनी तेच केलं असेल.

थोड्या दिवसांनी सलूनवाला भावोजींच्या दुकानात आला. चाहत्यांच्या संघटनेचा तोच पुढारी. मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा तो आत शिरला. डोळे सुजलेले, आणि दुसऱ्यांची दाढी करणाऱ्या त्या माणसाची स्वतःची दाढी वाढलेली.

“काका, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय,” तो म्हणाला. “मालकांची खुर्ची कायमची राखून ठेवायची. तिथे कुणी बसणार नाही. सामन्याच्या दिवशी फुलं ठेवायची.”

“काचेच्या खोलीतली?” भावोजींनी विचारलं.

“तिथे ते कधी बसले? तुमच्या शेजारची हो, कोपऱ्यातली. म्हणून तर ती कुणाला देत नव्हते ना? क्लबचे नवे साहेबही हो म्हणाले. आणि तिचं कव्हर तुम्हीच शिवायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. तुमच्यासारखं भाग्य कुणाचं नाही, काका. मालक शेजारी बसायचे तुमच्या.”

मी तोंड उघडलं होतं. “अहो, पण ती जागा तर...”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी डब्याचं झाकण लावत राहिले.

“कापड क्लबच्या रंगाचं?” त्यांनी विचारलं.

“हो. आणि मालकांचं नाव पाठीवर.” एवढं बोलून सलूनवाल्याला हुंदका आला. “वेडं केलं हो त्या माणसाने आम्हाला. मेल्यावर काय करायचं ते काही सांगून नाही गेला.” भावोजींनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि तो शांत होईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

तो गेल्यावर मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगू? ही मालकांची नाही, माझ्या बायकोची आहे? बघितलंस ना त्याला. त्याच्या हातातून काय काढून घेऊ?”

“पण मालकांनीच शब्द दिला होता.”

“तो ऐकलेले दोघे. त्यातला एक गेला. ऑफिसात कारण कुणालाच ठाऊक नाही.” त्यांनी तागा खाली काढला. “आणि लोक म्हणतील, मालकांची चिता विझली नाही तोवर हा म्हातारा खुर्चीसाठी भांडतोय.”

“मी सांगते ऑफिसात जाऊन.”

“नको. ताईला तुझ्या असली ओढाताण आवडली नसती.”

ताईला काय आवडलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. ती ओरडली असती.

मैदानावर माप घ्यायला ते मला घेऊन गेले. खुर्चीवर ताईची उशी अजून बांधलेली होती. कडक प्लास्टिक टोचतं म्हणून त्यांनीच तिला शिवून दिलेली, मधोमध दबलेली. पावसापाण्याने रंग गेला होता. गाठी घट्ट बसल्या होत्या, सुटेनात. शेवटी त्यांनी कात्री लावली.

मी म्हटलं, “नव्या गादीच्या आत घाला ना ही. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

त्यांनी उशी झटकून आपल्या पिशवीत ठेवली. मग नकारार्थी मान हलवली. “लोक मालकांना फुलं वाहणार. त्याखाली तिला लपवून ठेवू? चोरासारखं बसवायचं तिला?”

कव्हर त्यांनी इतकं सुरेख शिवलं की सलूनवाल्याने त्यांच्या पायाला हात लावला.

पहिल्या सामन्याला मी त्यांच्याबरोबर गेले. मैदान भरलं होतं, पण कुणी ओरडत नव्हतं. खुर्चीभोवती दोरी बांधली होती. माणसं रांगेने येत, खुर्चीला हात लावत, तो हात कपाळाला लावत. कुणी भावोजींना म्हणालं, “काका, थोडं सरकता का? फोटोत येताय.” ते सरकले. परत कुणी म्हणालं, परत सरकले. तसं करत करत ते माझ्या पलीकडे दोन खुर्च्या जाऊन बसले. खुर्चीच्या बाजूला आता मीच होते.

पहिला कॉर्नर मिळाला तेव्हा सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. खेळाडूसुद्धा थांबले. सगळ्यांचे डोळे त्या कोपऱ्याकडे, आणि सगळ्यांचे गाल ओले. भावोजीही उभे राहून टाळ्या वाजवत होते. मालकांसाठी ते मनापासून वाजवत होते, यात मला शंका नाही.

नंतर आपला गोल झाला. ते सवयीने डावीकडे वळले. ओठ हललेसुद्धा. मध्ये मी होते, दोरी होती, फुलं होती, आणि पलीकडून एक अनोळखी बाई डोळे पुसत म्हणाली, “मालक बघतायत हो वरून.”

“हो,” भावोजी म्हणाले. मग ते सामना संपेपर्यंत समोर बघत बसले.

बाहेर पडताना मी विचारलं, “काही बोललात तिच्याशी?”

“लोक होते,” ते म्हणाले.

त्यानंतर ते गेले नाहीत. मी म्हटलं, दुसऱ्या गॅलरीत दोन जागा घेऊ, मी येईन सोबतीला. तर म्हणाले, “तिला ती जागा माहीत होती. आता कुठे शोधत फिरेल?”

सामन्याच्या दिवशी दुकान उघडं असतं. मैदान फार लांब नाही, गोलचा आवाज तिथवर येतो. ते काम थांबवत नाहीत. मी जेवणाचा डबा ठेवते, ते ओठांतल्या टाचण्या काढून ‘बरं’ म्हणतात आणि पुन्हा ओठांत ठेवतात. घरी आल्यावर मी देवासमोर बसते. मालकांच्या आत्म्याला शांती दे, एवढं म्हणते. ताईसाठी काय मागावं हे मात्र मला अजून सुचत नाही.