वितीला आखूड बांगडा

माझी आत्या मनकर्णा अकोल्याच्या जठारपेठेत पंचवीस वर्षं समुद्राचे मासे विकते, पण समुद्र तिनं अजून पाहिला नाही. तिचं माप म्हणजे तिची वीत. बांगडा वीतभर भरला तर टोपलीत, नाही तर "पिल्लू हाय बाप्पा, पाप लागते" म्हणत बाजूला. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं!

माल यायचा रत्नागिरीच्या गोपाळभाऊंकडून, त्यांच्या स्वतःच्या होडीवरचा. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, सगळा व्यवहार फोनवर. दोन वर्षांपूर्वी पेट्यांतले निम्मे बांगडे वितीला आखूड निघायला लागले आणि आत्याचं डोकं फिरलं. "मोठे तिकडंच ठेवतो अन् मले पिल्लं देऊन राहिला! वऱ्हाडातल्या बाईले काय समजते, असंच ना?" ते शपथा घेत होते, हिनं फोन आपटला. तेव्हापासून माल दुसऱ्याचा. तोही आखूडच, पण राग मात्र गोपाळभाऊंवर.

मी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकते. परवा सुट्टीत आले, तेव्हा तिनं बाजूला टाकलेला एक बांगडा मी चिरला. पोट अंड्यांनी गच्च.

"आत्या, हे पिल्लू नोहे. हे तर आई होऊन राहिली होती."

"येवढीशी?"

"समुद्राचं पाणी तापलं का माशाले श्वास जास्त लागते, अन् गरम पाण्यात प्राणवायू कमी. सारी ताकद जगण्यातच जाते, अंग वाढत नाही. मग लहानपणीच अंडी धरते. जाळ्यांनी मोठे मासे उपसले, तेही हायेच."

आत्या माशाकडे पाहतच राहिली. "म्हंजे गोपाळभाऊ खरं बोलून राहिला होता."

खरं सांगते, मला तिचा संताप आला, आणि कीवही. तिनं तिथंच बसून फोन लावला.

"भाऊ, मी मनकर्णा, अकोल्याहून. चुकलं माझं. मासाच लहान झाला, तुमी नाही फसवलं."

स्पीकरवर गोपाळभाऊ म्हणाले, "ताई, वडिलांना मोठा मासा मिळायचा, मला का नाही, हे मलाही कळेना. वाटलं, माझ्याच हातात खोट आहे. त्यात तुम्हीही मलाच दोष दिलात. गेल्या वर्षी होडी विकून टाकली."

आत्याला रडू फुटलं. गोपाळभाऊ तिकडून तिचीच समजूत घालत होते.