एआयवर दोन्ही बाजूंचं एकमत

अक्षय भाषण संपवून खाली बसला आणि मी कपाळाला हात लावला. विषय होता, 'कॉलेजात एआयवर बंदी हवी का?' पल्लवी बंदीच्या बाजूने बोलली, अक्षय विरोधात. पण दोघांचीही सुरुवात 'आजच्या वेगवान युगात' आणि शेवट 'समतोल साधणे ही काळाची गरज आहे'. वादविवादात वादच नाही!

मी दारव्ह्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि वादविवाद मंडळ सांभाळतो. विद्यापीठाच्या स्पर्धेला या दोघांपैकी एकालाच पाठवायचं होतं. पल्लवी पहिल्या वर्षापासून या संधीवर डोळा ठेवून होती आणि आता तिचं शेवटचं वर्ष.

प्राचार्य मॅडम परीक्षक होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, दोन्ही भाषणं एकाच कारखान्यातली दिसतात. मार्क कोणाला देऊ?"

"अजून रिबटल आहे, मॅडम."

रिबटल म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडायची फेरी. मी दोघांचे मोबाइल आणि कागद टेबलावर ठेवून घेतले.

"अक्षय, एआयकडून लिहून घेतलं?"

"हो सर. खोटं काहून बोलू? सारेच वापरून राह्यले. शेतात ट्रॅक्टर आला तवा बैलाले कोणी विचारलं होतं का?"

हॉल हसला. फुलसावंगीचा हा गडी कागद सुटला की फॉर्मात येतो.

पल्लवीचं उलट. ती झरी जामणीकडची, घरी कोलामी बोलणारी. मराठी भाषा ती शाळेत गेल्यावरच शिकली. पाठ केलेलं खणखणीत बोलते, वर्गात मात्र तोंड उघडत नाही. ती टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, गेली हिची संधी. वाईट वाटलं.

"मी बी वापरलं," ती अखेर म्हणाली. "रोजच वापरून राह्यली. वर्गात काही विचारलं तं पोट्टे माह्या बोलण्याले हासतेत. मशीनले दहादा विचारा, ते हासत नाही."

अक्षय उठलाच. "सर, हे तं माह्या बाजूनं बोलून राह्यली!"

"थांब नं! म्हणूनच बंदी पाह्यजे. घरी मशीन समजावते, म्हणून मी वर्गात विचारणंच सोडलं. सरले वाटते, हिले सारं समजलं. तुमाले वाटते, हिले बोलताच येत नाही. बंदी आली तं मले विचारा लागन. अन् तुमाले हासणं सोडा लागन."

अक्षय खाली बसला. "सर, याच्यावर माह्यापाशी काही नाही."

मॅडमकडे न बघताच मी टेबलावर थाप मारली. त्यांनीही पल्लवीचंच नाव लिहिलं.

पल्लवी विद्यापीठातून बक्षिसाविना परतली, पण परीक्षकांशी भांडून आली म्हणे. बंदी काही आली नाही, येणारही नाही. मात्र पुढच्याच आठवड्यात तिने वर्गात हात वर केला. मी समजावलं. तिने तेच पुन्हा विचारलं, मग पुन्हा. अक्षयने मागे वळून सगळ्यांना दम भरला होता, त्यामुळे कोणी हसलं नाही.

चौथ्यांदा मात्र मी वैतागलो. तेवढ्या एका बाबतीत मशीन अजून माझ्या पुढे आहे.