चौकोन आणि टेकडीमागचे घोडे

"वैशाली, तुझे घोडे पळून चालले की!" माझे बॉस बालाजी सर कुजबुजले. माइक म्यूट होता म्हणून बरं.

लातूरच्या आमच्या ऑफिसात डेमो चालू होता. गेम नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा. शत्रूच्या फौजेनं कधी चालून जायचं, कधी थांबायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा. क्लायंट देशपांडे सर पुण्याहून ऑनलाइन खेळत होते. मागच्या डेमोत ते म्हणाले होते, "शत्रू फार बावळट आहे." आजही तसंच वाटलं असतं, तर प्रोजेक्ट हातातून जाणार होता.

त्यांनी पायदळाचा स्क्वेअर केला. म्हणजे सैनिक चौकोनात उभे, संगिनी चारही बाजूंना रोखलेल्या. असा चौकोन घोडदळाला सहसा फुटत नाही. माझे घोडेस्वार जवळ गेले आणि सरळ माघारी फिरले.

"बग हाय का? डेमो थांबवू?" बालाजी सरांनी विचारलं.

मी त्या तुकडीचं मोराल, म्हणजे मनोबल बघितलं. भरपूर होतं.

"थांबा सर. घाबरले न्हाईत ते."

"पळाले!" पुण्याहून आवाज आला. देशपांडे सरांनी खुशीत चौकोन मोडला, पायदळ रांगेत लावलं आणि पाठलाग धरला. घोडे टेकडीआड गेले. मी खुर्चीतून उठलेच. टेकडीला वळसा घालून ते भरधाव आले, थेट रांगेच्या पाठीवर!

"अरे, अरे, अरे!" देशपांडे सर ओरडले. पुन्हा चौकोन करायला सवडच नव्हती. रांग फुटली. मग ते जोरात हसले. "फसवलं मला!"

"लई भारी!" बालाजी सरांनी टेबलावर बुक्की मारली. चहा कीबोर्डवर सांडला, कुणी बघितलंसुद्धा नाही.

"हे कसं शिकवलंत त्याला?" देशपांडे सरांनी विचारलं.

"शिकवलं नाही सर," मी माइक चालू करून म्हणाले. "चौकोनापासून लांब राहा आणि उघडी पाठ दिसली की तुटून पड, एवढे दोनच नियम लिहिलेत. ते असे जुळतील हे मलाही आत्ताच कळलं."

प्रोजेक्ट आमच्याकडेच राहिला. त्यांनी लगेच दुसरा डाव मांडला. घोडे पुन्हा टेकडीमागे गेले आणि आलेच नाहीत. देशपांडे सर चौकोन सोडेनात. "आता कुठून येतील, सांगता येत नाही!"

खरं तर प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे, म्हणजे बगमुळे, घोडे झाडांत अडकले होते. मी तसं सांगितलं, तरी त्यांना पटेना. एकदा प्रोग्रॅम हुशार ठरला, की त्याचा बगही लोकांना डावपेच वाटतो. दुरुस्त मात्र आपल्यालाच करावा लागतो.