भिकुबाईच्या मनगटावरची साय

आज सकाळी आमचा कुत्रा चिकू घरातून गेलाच होता. भिकुबाईनं राखला.

भिकुबाई दोंडाईच्यात लहान बाळांना न्हाऊ घालते. माझ्या लेकीला, यशोदाला तिनंच घातलं, आता यशोदाच्या बारा दिवसांच्या मुलीला घालते. पायांवर आडवं घेतलं की कसलंही रडतं पोर गप्प होतं. तिच्या मनगटावर जुना व्रण आहे. लहानपणी खळ्यात कुत्रा चावला होता. तरी कुत्र्यावर राग नाही. भरवसाही नाही.

ती कणकेत साय-हळद घालून गोळा करते, बाळाच्या अंगावर फिरवते. आज ते झालं, बाळ गोधडीवर ठेवलं, मला बघ म्हणाली नि बंबातलं पाणी काढायला गेली. मी बसलेच होते, पण देवाचा नैवेद्य राहिलेला आठवला. उठले. दोन मिनिटं असतील. यशोदाची किंकाळी ऐकून धावले तर चिकूचे पुढचे पाय बाळाच्या छातीवर, नि तो गाल चाटतोय. मांजराएवढा कुत्रा, पण बाळ केवढंसं!

ओरखडासुद्धा नव्हता. पण हे ऐकेनात. चिकूला भाजीच्या पिशवीत घातलं, साडेनवाच्या बसनं सोनगीरला शेतावर सोडून येतो म्हणाले. यशोदाही जाऊ दे म्हणाली. चूक माझी, नि पिशवीत तो.

भिकुबाईनं मला विचारलं, "अक्का, रोज याले काय खावाडतस?"

मी म्हटलं, नैवेद्य झाला की साय लावलेली पोळी.

ती हसली. यांना थांबवलं. बाळाला बेसन लावून स्वच्छ न्हाऊ घातलं, यशोदाच्या हातात दिलं. उरलेला गोळा आपल्या मनगटावर, त्या व्रणावरच चोळला नि चिकूला सोडायला सांगितलं. चिकू यशोदाजवळ थबकला, त्यानं हुंगलं, नि सरळ जाऊन भिकुबाईचं मनगट चाटू लागला. ती हलली नाही.

ती यांना म्हणाली, "नाना, तेना काय गुन्हा? तुमीन दोन्हीसले एकच वास लाई दिन्हा."

मग माझ्याकडे वळली. "पन कुत्रा तो कुत्राच शे. पोरले त्यानाजोडे एकली टाकू नको. देव थांबी जाई, अक्का."

उद्यापासून चिकूची पोळी कोरडी, तीही न्हाण्याआधी, मागच्या अंगणात. न्हाणं होईपर्यंत साखळी. बाळाची झोळी छातीइतकी वर. हे सगळं ठरवून ती निघाली. यांनी बस चुकल्याचं पुटपुटत पिशवी खुंटीला अडकवली, तर दारातून म्हणते, "नाना, आते तिन्हामा वांगा आना."

संध्याकाळी निरांजन तयार होतं. यशोदा न्हाणीत होती, बाळ माझ्या मांडीवर, चिकू उंबऱ्यापलीकडे. मी उठले नाही.